शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराज आणि दुःखाचं मूळ



दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला संध्याकाळी जन्मकाळ झाला की आपण टाळ्या वाजवत जी दत्ताची आरती म्हणतो, ती पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांची. लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे ती कोणी लिहिली याकडे आपलं लक्ष जात नाही. शेवटच्या कडव्यात गुरूच्या नावाला आपलं नाव चिकटवून नाथ मोकळे झाले आहेत. त्या नावामागचं चरित्र यंदाच्या अंकात थोडं सविस्तर लिहावं असं मनात होतं. त्याला एक कारणही आहे.

आमचं चारोटी हमरस्त्यावरचं गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर दिवसरात्र गाड्या धावतात. पुढे विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेपासून यात्रा भरते, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. अपघात आम्हाला नवे नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ ला इथल्या सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात होऊन ते आणि त्यांच्यासोबतचे एक जण गेले, तेव्हा चारोटीचं नाव सगळ्या देशाने ऐकलं. बाकीचे किती जातात, त्यांची नावं कोणाच्या लक्षात राहात नाहीत.

असं काही झालं की नाक्यावर आणि देवळाच्या ओट्यावर वाद सुरू होतो, तो मी अनेक वर्षं ऐकतो आहे. कोणी समोरच्या गाडीवाल्याला दोष देतं. कोणी म्हणतं ज्याचा त्याने पट्टा बांधायला नको का. कोणी देवीचा कोप काढतं, कोणी साडेसाती, कोणी मागच्या जन्मीचं कर्म. शेवटी एखादे आजोबा सुस्कारा टाकून सांगतात, की वेळच भरली होती, त्याला कोण काय करणार. गंमत अशी, की हीच सहा नावं श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात एका भिक्षूने घेतली आहेत: लोक, देव, आपण स्वतः, ग्रह, कर्म आणि काळ. आणि त्यावर मराठीत सविस्तर लिहिणारे म्हणजे आपले नाथ. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. त्यांच्या आयुष्यात हा वाद जन्मापासूनच लागला होता.

नाथांचा जन्म पैठणला, इ. स. १५३३ च्या सुमाराचा. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणली म्हणून वारकरी ज्यांचं नाव घेतात, तेच हे. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. मूल मूळ नक्षत्रावर जन्मलं आणि थोड्याच काळात आईवडील दोघंही गेले. आता बघा, आजसुद्धा मूळ नक्षत्रावर मूल झालं तर घरात कुजबुज सुरू होते आणि भटजींकडे शांतीची चौकशी होते. पाचशे वर्षांपूर्वी त्या लेकराकडे शेजारीपाजारी कोणत्या नजरेने बघत असतील? आईबापाला गिळलेलं पोर, असंच ना? आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वती यांनी मात्र त्याला छातीशी धरून वाढवलं. पुढे मोठेपणी नाथांनी एका अभंगात या मूळ नक्षत्रावरच श्लेष केला आहे. लोक ज्याला घाबरतात त्या मुळाचा अर्थ त्यांनी अज्ञानाचं मूळ असा फिरवला आणि ते मूळच उपटून टाकलं, असं हसत हसत सांगितलं. ज्याच्या कपाळी ग्रहदोषाचा शिक्का जन्मताच बसला, त्यानेच पुढे ग्रहांना आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडवलं, हे मला फार मोठं वाटतं.

बारा वर्षांच्या आसपास वय असेल, तेव्हा हा मुलगा घर सोडून देवगिरीला गेला. तिथे किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींकडे होता. मूळचे चाळीसगावचे देशपांडे, नोकरी निजामशाहीची, आणि दैवत दत्तात्रेय. दर गुरुवारी दत्ताच्या पूजेसाठी गडावर कामाला सुट्टी असे, असं सांगतात. मुसलमानी राज्यातला हिंदू किल्लेदार, आणि सुट्टी गुरुवारची! धन्याचा विश्वास असल्याशिवाय हे घडत नाही.

स्वामींनी एकनाथाला पोथ्यांआधी गडाच्या हिशेबाला बसवलं. मी कॉमर्सचा पदवीधर, आयुष्यभर बँकेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे यानंतरची कथा मला तोंडपाठ आहे. एका रात्री हिशेबात एका पैचा फरक येत होता. एकनाथ दिवा लावून बसला. रात्र सरत आली. शेवटी चूक सापडली आणि पोराने आनंदाने टाळी वाजवली. टाळीच्या आवाजाने स्वामी जागे होऊन आले. एका पैसाठी इतका जीव लावतोस, तोच जीव देवासाठी लावलास तर तुला तो दूर नाही, अशा अर्थाचं त्यांनी समजावलं. कीर्तनकार इथे लगेच देवाकडे वळतात. मी मात्र त्या पैपाशी थोडा रेंगाळतो. ज्यांनी संध्याकाळी कॅश बंद करताना फरक पाहिलाय त्यांना कळेल, की त्या वेळी पहिलं काम म्हणजे कोणाच्या तरी नावावर तो ढकलायचं. या क्लार्कचा असेल, त्या शिपायाचा असेल. अगदीच नाही जमलं तर सस्पेन्स खात्यात टाकून घरी जायचं. एकनाथाने यातलं काही केलं नाही. चूक जिथे होती तिथे सापडेपर्यंत तो उठला नाही. पुढे दुःखाचं कारण शोधतानाही त्यांची हीच पद्धत दिसते.

गुरुकृपेने त्यांना दत्तदर्शन झालं, तेही कसं? जटा, कमंडलू, चार श्वान असं आपल्या फोटोतलं रूप नव्हे. दत्तप्रभू मलंग फकिराच्या वेषात आले. जनार्दनस्वामी पाया पडले. एकनाथ मात्र गोंधळून पाहात राहिला. हा देव असेल असं डोळे मानायलाच तयार नव्हते. पुढे गुरूंनी ओळख पटवली. समोरचा माणूस वाईट की चांगला हे आपण त्याच्या कपड्यांवरून आधीच ठरवून टाकतो, आणि दत्तसंप्रदायातली ही कथा नेमकी तिथेच बोट ठेवते. नंतर खुलताबादजवळच्या शूलिभंजन डोंगरावर एकनाथांनी अनुष्ठान केलं. तिथे आजही दत्ताचं ठाणं आहे, भाविक जातात. मग गुरूंबरोबर तीर्थयात्रा झाली. त्र्यंबकेश्वरला गुरूंच्या आज्ञेने त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर ओव्या रचल्या, तो त्यांचा पहिला ग्रंथ. यात्रेहून आल्यावर गुरूंच्या सांगण्यावरून पैठणला संसार थाटला. वैजापूरच्या गिरिजाबाई पत्नी म्हणून आल्या. गोदा, गंगा आणि हरी ही मुलं झाली. गोदेचा मुलगा म्हणजे कवी मुक्तेश्वर.

पैठण ही पंडितांची नगरी. अशा गावात नाथ रोज मराठीत पुराण सांगत आणि कीर्तन करत. कीर्तनाला सगळ्या जातींचे लोक येत. साहजिकच त्यांना त्रास देणारेही झाले. महिपतीबुवांनी १७७४ साली पुऱ्या केलेल्या भक्तलीलामृतात यातल्या कितीतरी कथा आहेत.

थुंकणाऱ्याची कथा सर्वांना माहीत आहे. नाथ गोदावरीत स्नान करून यायचे आणि वाटेवर बसलेला एक यवन त्यांच्या अंगावर पिंक टाकायचा. नाथ परत नदीवर जात. एक दिवस असं एकशे आठ वेळा झालं म्हणतात. शेवटी तो माणूसच शरमला. नाथांनी उलट त्याचेच आभार मानले, की तुझ्यामुळे आज गंगेची इतकी स्नानं घडली. कथेतला माणूस यवन आहे म्हणून काही जण ती भलत्याच सुरात सांगतात. त्यांनी नाथांचा हिंदू-तुर्क संवाद वाचावा. त्यात दोघे कडाकडा भांडतात, एकमेकांच्या धर्मातली उणी काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात.

मला त्याहून दुसरी कथा जास्त विचार करायला लावते. पैठणात काही रिकामटेकडे कुटाळ बसत. त्यांच्याकडे एक परगावचा गरीब ब्राह्मण आला. मुलाची मुंज करायची होती, दोनशे रुपये हवे होते. कुटाळांनी अट घातली, की एकनाथाला राग आणून दाखव, दोनशे रुपये देतो. तो बिचारा नाथांच्या घरी गेला. नाथ पूजेला बसलेले, हा पायातल्या जोड्यांसकट आत शिरून त्यांच्या मांडीवरच बसला. नाथ म्हणाले, भेटायला पुष्कळ लोक येतात, पण इतक्या प्रेमाने कोणी आलं नव्हतं. मग जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी बाईंना सांगितलं, ब्राह्मण पडेल, सांभाळ. बाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे, पडू देणार नाही. ब्राह्मण ओशाळला आणि रडत रडत सगळी हकीकत सांगितली. नाथ म्हणाले, आधी सांगायचंत, मी रागावलो असतो, तुमचे पैसे तरी मिळाले असते!

आता इथे दुष्टपणा कोणाचा? ब्राह्मणाने केलं ते वाईटच. पण त्याला तसं करायला लावलं कुटाळांनी. आणि कुटाळांच्या हातात तो सापडला गरिबीमुळे. गरिबी कशामुळे आली म्हणून विचारलं तर उत्तर अजून मागे जातं. असं मागे मागे जाताना शेवटी कोणावर तरी ठेचून बोट ठेवायला आपल्याला हवं असतं, त्याशिवाय चैन पडत नाही. नाथांना हवं नव्हतं. गिरिजाबाईंनाही नव्हतं, हे विसरू नये. कीर्तनात नाथांच्या शांतीचा जयजयकार होतो. पण पाठीवर परका पुरुष चढलेला असताना शांत राहिल्या त्या बाई, त्यांचं नाव टाळ्यांत बुडून जातं.

नाथांचा मोठा ग्रंथ म्हणजे भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका, आपण ज्याला एकनाथी भागवत म्हणतो. अठरा हजारांवर ओव्या आहेत. पहिले पाच अध्याय पैठणला झाले. त्याची प्रत काशीला पोचली आणि तिथले पंडित खवळले. देवाची वाणी प्राकृतात आणणं हे त्यांच्या लेखी पापच होतं. नाथांना काशीला जावं लागलं. त्यांनी तिथे ग्रंथ पुढे चालवला आणि शके १४९५, म्हणजे १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला तो काशीतच पूर्ण केला. शेवटी ज्या पंडितांनी विरोध केला त्यांनीच ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते.

याच स्कंधात सातव्या ते नवव्या अध्यायात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद येतो. चोवीस गुरू करणारा तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभू. दत्तभक्त तेवढे अध्याय आवडीने वाचतात. माझं सांगणं एवढंच, की तिथे न थांबता तेविसाव्या अध्यायापर्यंत जावं. दुर्जनांनी केलेला अपमान सहन कसा करायचा, हे उद्धवाने विचारलं म्हणून भगवंतांनी त्याला ही कथा सांगितली आहे.

अवंती देशात एक ब्राह्मण होता, शेती आणि व्यापारावर गबर झालेला, पण कमालीचा कंजूष. देवाला नाही, अतिथीला नाही, बायकामुलांनाही नाही, इतकंच काय स्वतःच्या पोटालाही नाही. पुढे धन गेलं. काही भाऊबंदांनी घेतलं, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने खाल्लं. मग त्याला उपरती झाली. पैशापासून पंधरा अनर्थ होतात, चोरी, हिंसा, खोटेपणा, वैर असे, ते तो मोजून सांगतो. बँकेच्या भिंतीवर ती यादी लावली असती तर ठेवी कमी झाल्या असत्या, हा विनोद मी निवृत्त झाल्यावरच करू शकतो. तर तो ब्राह्मण संन्यासी झाला. गावोगाव भिक्षा मागू लागला. लोकांनी त्याचे हाल केले. दंड हिसकावला, भांडं पळवलं, अंगावर थुंकले, अन्न घाण केलं, दोरीने बांधून ठेवलं. त्या हालांत बसून त्याने विचार केला, की मला होणाऱ्या या दुःखाचं कारण कोण?

लोक कारण म्हणावं, तर सगळ्यांत एकच आत्मा आहे. आपलेच दात आपल्याच जिभेला लागले, तर दातांवर राग कसा काढायचा? देव कारण म्हणावेत, तर इंद्रियांच्या देवता सगळ्यांच्या शरीरात त्याच. आपल्या एका हाताने दुसऱ्याला मारलं, मग शिक्षा कोणत्या हाताला? स्वतः आत्माच कारण म्हणावा, तर त्याच्यावाचून दुसरं काही नाहीच, मग सुखही नाही, दुःखही नाही. ग्रह म्हणावेत, तर त्यांचा अंमल जन्मलेल्या देहावर, आणि आत्मा तर जन्मतच नाही. कर्म म्हणावं, तर देह जड आणि आत्मा शुद्ध, कर्म चिकटणार कोणाला? काळ म्हणावा, तर ज्वाळेने अग्नी भाजत नाही आणि गारठ्याने बर्फ थंडीने कुडकुडत नाही. आत्मा त्याच काळाचं रूप, त्याला काळाचं भय कसलं? अशी सहा नावं एकेक करून त्याने खोडली. खाली एकच नाव उरलं. मन. मनच शत्रू ठरवतं, मित्र ठरवतं आणि मग संसाराचं चाक फिरवतं. दान, व्रत, जप हे सगळं करायचं ते या मनाला आवरण्यासाठी. कारण मन आवरलं नाही तर बाकीचं करून उपयोग नाही आणि आवरलं तर बाकीच्याची गरज उरत नाही.

इथपर्यंत ऐकलं की बहुतेक जण मान डोलावतात. माझ्या मनात मात्र दरवेळी शंका येते आणि ती इथे मांडायलाच हवी. आमच्या या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली माणसाने पिढ्यान्पिढ्या सावकार-जमीनदारांची वेठ केली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. नशिबाचा भोग म्हणून ते सोसलं जात होतं. १९४५ साली गोदावरीबाई परुळेकरांच्या पुढाकाराने झरीला सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं, तेव्हा कुठे ते थांबायला लागलं. त्या वेठबिगाराला जाऊन कोणी सांगितलं असतं, की बाबा रे, तुझ्या दुःखाचं कारण तुझं मन आहे, तर ते ज्ञान झालं असतं की सावकाराची वकिली? तसंच भुताळीचं. घरात आजार आला की भगताने कोणा एकट्या म्हातारीचं नाव घ्यावं आणि तिच्यावर संकट यावं, असं पूर्वी या भागात होत असे. २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. आपण शिकलेले लोक त्याला नाक मुरडतो आणि घरी येऊन शनीच्या नावाने तेल घालतो. पण नुसतं खापर फोडायचं असेल तर शनी काय आणि शेजारीण काय, सोय तीच. फरक एवढाच, की शनीला लागत नाही, शेजारणीला लागतं.

या शंकेचं उत्तर मला टीकेपेक्षा नाथांच्या वागण्यात जास्त सापडतं. तेविसाव्या अध्यायातला भिक्षू विचार करतो तो स्वतःच्या दुःखाचा. दुसऱ्याच्या दुःखाकडे बघून तो हे म्हणत नाही. नाथांनीही सहा नावं खोडण्याची ही रीत फक्त आपल्यापुरती वापरली. थुंकी आपल्या अंगावर पडली तेव्हा कारण मनात शोधलं. दुसरा तहानेने तडफडताना दिसला तेव्हा कारण शोधत बसले नाहीत, पाणी पाजलं.

काशीहून गंगेच्या पाण्याच्या कावडी घेऊन यात्रेकरू रामेश्वराला चाललेले, नाथ त्यांच्यात. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत पडलं होतं. त्याच्या पूर्वकर्माचा हिशेब करायला सोबतीला शास्त्री काही कमी नसतील. नाथांनी खांद्यावरची कावड उतरवली आणि गंगेचं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. रामेश्वर इथेच पावला अशी त्यांची भावना. पैठणलाही असंच. भर दुपारी गोदावरीच्या तापल्या वाळूत एका महाराचं मूल आईपासून चुकून रडत होतं. नाथांनी ते कडेवर घेतलं, त्याचं नाक-तोंड पुसलं आणि महारवाड्यात नेऊन आईच्या हातात दिलं. एकदा घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. बाहेरून जाणाऱ्या महार कुटुंबाला वास आला आणि लेकरं अन्नासाठी हळहळली. नाथांनी सगळा स्वयंपाक त्यांना जेवू घातला. गावच्या ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, अशी कथा आहे. पितर आले की नाही याचा पुरावा मी मागत नाही. पोरं जेवली, हे मला पुरे. आणि म्हणूनच वाटतं, की पुलाशी रस्ता अरुंद होत असेल तर तो रुंद करायला पाहिजे, मागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधायला पाहिजे. तिथे कर्माची चर्चा करायला नाथ थांबले नसते.

सामान्य माणसाला मात्र अद्वैताची ही सहा पायऱ्यांची चढण झेपत नाही, हे नाथ जाणून होते. त्यासाठी त्यांनी भारुडं रचली. विंचवाच्या भारुडात चावणारा विंचू म्हणजे काम-क्रोध आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. भुताच्या भारुडात लोक ज्या झपाटण्याला घाबरतात त्याचा रोखच पंढरपूरकडे वळवला, सगळ्यांत जबर भूत तिथलं, एकदा लागलं की सुटत नाही. मांत्रिकाची भाषा घ्यायची आणि त्यातली भीती काढून टाकायची! जत्रेत सोंग आणणाऱ्याला आणि पुढे बसलेल्या बायाबापड्यांना ते लगेच कळत असे. भूत आहे की नाही असा वाद घालून कोणाच्या मनातली भीती गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

बाहेरच्यांचं झालं, पण नाथांना खरं सोसावं लागलं ते घरात. मुलगा हरिपंडित संस्कृतात विद्वान झाला. वडिलांनी मराठीत पुराण सांगावं, कोणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. तो घर सोडून काशीला गेला. नाथ स्वतः जाऊन त्याला घेऊन आले आणि त्याच्या अटी मान्य केल्या: प्राकृतात पुराण सांगायचं नाही, परान्न घ्यायचं नाही. पुराण आता हरिपंडित सांगू लागला आणि श्रोते कमी होत गेले. घराघरांतल्या म्हाताऱ्या वडिलांना मी हे मुद्दाम सांगतो. यात वाईट कोणी नाही. मुलगा त्याच्या शास्त्राप्रमाणे बरोबरच होता. आणि नाथांनीही त्याला दोष दिला नाही.

मग एक गरीब विधवा आली. तिने सहस्रभोजनाचा नवस केलेला, पण आता हातात काही नाही. एका नाथांना जेवू घातलं तरी हजारांना पोचेल असं तिला कोणी सुचवलं होतं. नाथांनी हरिपंडिताला विचारायला सांगितलं, आणि तोच स्वयंपाक करील या अटीवर जाणं ठरलं. जेवण झालं. नाथांनी हरिपंडिताला आपली पत्रावळ उचलायला सांगितली. त्याने उचलली तर खाली दुसरी. ती उचलली तर तिसरी. अशा हजार निघाल्या. मुलाने वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मराठी पुराण पुन्हा सुरू झालं.

दरम्यान नाथांनी आणखी एक मोठं काम केलं होतं. त्यांचा गळा दुखू लागला. ज्ञानेश्वर माउलींनी स्वप्नात येऊन सांगितलं, की अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीचं स्थान शोधून मुळी काढली. मग गावोगावच्या पोथ्यांत पाठभेद आणि चुका शिरलेल्या पाहून त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, शके १५०६, म्हणजे १५८४ साली. एका पैची चूक शोधणारा हात तोच. स्वतःची एक ओवीही त्यात घुसडू नये असं त्यांनी इतरांना बजावलं.

शेवटचा ग्रंथ भावार्थ रामायण. घरी गावबा नावाचा मुलगा राहात असे. पुरणपोळी मिळते म्हणून नाथांकडे राहिलेला, नाथांशिवाय कोणाचा मंत्र घेणार नाही म्हणणारा, बाकी लोकांच्या लेखी मंदबुद्धीचा. रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आलं आणि नाथांना जायची वेळ जवळ आल्याचं कळलं. शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठी. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तांचा अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि स्वामींची समाधी, हे सगळं याच तिथीचं मानतात. त्या दिवशी नाथांनी गोदावरीच्या वाळवंटात कीर्तन केलं आणि पात्रात उतरले. पैठणला नाथषष्ठीला आजही दिंड्यांतून लाखोंनी वारकरी येतात.

रामायणात रावणवध अजून व्हायचा होता. पुढचे अध्याय गावबाने लिहिले.